बिमारिस्तान : वक्फाच्या रुग्णालयांचा इतिहास आणि आपण

शुक्रवारची नमाज आटोपून लोक मशिदीच्या पायऱ्या उतरू लागले, की कधी कधी दाराशी एखादा मनुष्य हातात कागद घेऊन उभा असलेला दिसतो. कागदावर रुग्णालयाचा शिक्का असतो आणि खाली खर्चाचा आकडा असतो. लोक खिशात हात घालतात, ज्याला जे जमेल ते देतात आणि घराकडे वळतात. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका रिक्षाचालकावर असाच प्रसंग आला. पत्नीची शस्त्रक्रिया करावयाची होती. तिच्या हातातील दोन बांगड्या आधीच सराफाकडे गेल्या होत्या. वर्गणी जमली, शस्त्रक्रिया झाली, अल्लाहच्या कृपेने ती बाई बरीही झाली. परंतु उरलेले कर्ज फेडता फेडता घर मेटाकुटीस आले आणि थोरल्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजचा रस्ता धरला. मुलगा अभ्यासात हुशार होता.

पुढे कळले, की ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचे होते. गरीब रुग्णांसाठी तेथे काही खाटा राखून ठेवलेल्या होत्या. ही गोष्ट तेथे कोणी सांगितली नाही हे खरे. पण आम्हीही विचारली नाही, हेही तितकेच खरे. आमच्यापैकी एकालाही ती ठाऊक नव्हती.

हा प्रसंग आठवला म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो : धर्मादाय रुग्णालय म्हणजे नेमके काय? ते कोणाचे असते? ज्या गावाच्या पैशावर ते उभे राहते, त्या गावाचे ते काय देणे लागते? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या पूर्वजांनी त्यावर बाराशे वर्षांपूर्वी विचार सुरू केला होता आणि त्याचे उत्तर त्यांनी दगडविटांत आणि दस्तऐवजांतही लिहून ठेवले होते. त्या इतिहासाची थोडी ओळख पालकांना आणि विद्यार्थ्यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिमारिस्तान आणि वक्फ

‘बिमारिस्तान’ हा मूळ फारसी शब्द आहे. ‘बिमार’ हा शब्द आपल्या बोलण्यात नेहमी येतो. ‘स्तान’ म्हणजे स्थान. बिमारांचे स्थान ते बिमारिस्तान. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये अशी रुग्णालये निघाली आणि तेथून ती इराण, शाम, मिसर अशी दूरवर पसरली. या संस्थांचा आर्थिक आधार हळूहळू वक्फ हा झाला.

वक्फ म्हणजे काय, हे आपल्या मुलांना एका वाक्यात सांगता आले पाहिजे. एखादी मालमत्ता कायमची बांधून टाकावयाची. ती पुढे विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. आणि तिचे उत्पन्न ठरवून दिलेल्या सत्कार्यासाठीच खर्च करावयाचे. देणारा तो वाकिफ, त्याच्या अटी लिहिलेला कागद तो वक्फनामा, आणि कारभार पाहणारा तो मुतवल्ली किंवा नाझिर. बाजारातील दुकानाचे भाडे, हमामाचे उत्पन्न, शेतीचा वसूल असा पैसा गोळा होऊन त्याचा रुग्णाच्या उशाशी औषधाचा काढा होत असे. गाव भाडे देत असे आणि गावाला ते उपचाराच्या रूपाने परत मिळत असे. वक्फाच्या रुग्णालयाचे सारे रहस्य या देवाणघेवाणीत आहे.

बगदादमधील सर्वांत नामांकित रुग्णालय म्हणजे बुवैही सत्ताधीश अजुद-उद्-दौला याने इ. स. ९८२ मध्ये सुरू केलेले अजुदी बिमारिस्तान. आरंभीच तेथे सुमारे पंचवीस वैद्य नेमले होते. त्यांत मुसलमान होते, तसेच ख्रिस्तीही होते. या रुग्णालयाविषयी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. थोर हकीम अल्-राझी याने शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगून ठेवले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा कुजले ती जागा रुग्णालयासाठी निवडली, असे सांगतात. गोष्ट सुंदर आहे. पण राझी इ. स. ९२५ च्या सुमारास वारला आणि अजुदी रुग्णालय त्यानंतर अर्ध्या शतकाहूनही अधिक काळाने उघडले. तेव्हा ती या रुग्णालयाची असू शकत नाही. आपल्या पूर्वजांविषयीची कथा केवळ गोड वाटते म्हणून खरी मानू नये, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. आपला खरा इतिहासच इतका भरघोस आहे, की त्याला दंतकथेचे ठिगळ लावण्याची गरज नाही.

एका आजाऱ्याचा नवस

आता वळू या काहिरा शहराकडे. सुलतान नूरुद्दीन जंगी याने इ. स. ११५४ मध्ये दमास्कस येथे ‘नूरी बिमारिस्तान’ बांधले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मिसरमधील ममलूक सरदार कलावून हा मोहिमेवर असताना दमास्कस मुक्कामी पोटशूळाने अंथरुणास खिळला. हा कलावून कोण? गुलाम म्हणून विकला गेलेला एक किपचाक तुर्क. त्याला एक हजार दिनारांना विकत घेतले होते, म्हणून त्याचे टोपणनावच ‘अल्-अल्फी’, म्हणजे हजारी, असे पडले होते. नूरी रुग्णालयातून आलेल्या औषधांनी त्याला गुण आला. तेव्हा तो स्वतः ते रुग्णालय पाहावयास गेला आणि अल्लाहने आपल्याला राज्य दिले तर असेच रुग्णालय आपणही बांधू, असा त्याने नवस केला.

इ. स. १२७९ मध्ये तो सुलतान झाला आणि त्याला तो नवस आठवला. पुष्कळांना राज्य मिळाल्यावर नवस आठवत नाही. इ. स. १२८४ आणि १२८५ या दोन वर्षांत काहिराच्या भर पेठेत, जुन्या फातिमी राजवाड्याच्या जागेवर, त्याने रुग्णालय, मदरसा आणि स्वतःची कबर असा मोठा इमारतसमूह उभा केला. त्याच्या जोडीला अनाथ मुलांसाठी मक्तबही काढला. सुलतानाच्या ‘अल्-मन्सूर’ या पदवीवरून ते रुग्णालय ‘मन्सूरी बिमारिस्तान’ या नावाने प्रसिद्धीस आले.

उद्घाटनाच्या वेळी सुलतानाने रुग्णालयाच्या औषधशाळेतील सरबताचा एक प्याला मागवून घेतला आणि तो पिऊन जाहीर केले, की हे स्थान मी माझ्या बरोबरीच्यासाठी आणि माझ्याहून लहानासाठी, राजासाठी आणि गुलामासाठी, पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी वक्फ केले आहे. जो स्वतः एके काळी गुलाम होता, त्याच्या तोंडी हे शब्द शोभून दिसतात.

वक्फनाम्यात काय होते?

केवळ भाषणाने रुग्णालय चालत नाही. कलावूनने काहिरा आणि शाम देशातील दुकाने, हमाम, पेठा अशा मालमत्ता रुग्णालयासमवेत त्या समूहाच्या नावे बांधून दिल्या. पंधराव्या शतकातील इतिहासकार मक्रीझी याने हे वार्षिक उत्पन्न दहा लाख दिरहमच्या आसपास असल्याचे नमूद केले आहे. ज्वराचे रुग्ण, डोळ्यांचे रुग्ण, जखमी व शस्त्रक्रियेचे रुग्ण, अतिसाराचे रुग्ण यांच्यासाठी निरनिराळे विभाग होते. स्त्रियांची सोय स्वतंत्र होती. स्वयंपाकघर, औषधे तयार करण्याची जागा, कोठार आणि सर्व विभागांत खेळवलेले पाणी अशी रचना होती. मुख्य वैद्याने बसून शिष्यांना पाठ द्यावा, यासाठीही जागा मुद्दाम राखलेली होती.

वक्फनाम्यातील बारकावे वाचले म्हणजे मन थक्क होते. रुग्णांना उन्हाळ्यात वारा घेण्यासाठी ताडाच्या पानांचे पंखे द्यावेत. प्रत्येक रुग्णाचे अन्न त्याच्या स्वतंत्र भांड्यात, वर झाकण घालून द्यावे. एकाच्या भांड्यात दुसऱ्याने जेवू नये. रुग्णाने किती दिवस राहावे याला मुदत नाही. बरा होईपर्यंत त्याने राहावे. जो मरण पावेल त्याचे गुस्ल, कफन आणि दफन यांचा खर्च वक्फातून व्हावा. जंतूंची कल्पना जगाला येण्याच्या सहाशे वर्षे आधी अन्नावर झाकण ठेवण्याचे कलम दस्तऐवजात घातले गेले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे रुग्णालय आपल्या चार भिंतींत बसून राहिले नाही. शहरातील जे गरीब आजारी आपापल्या घरीच पडून आहेत, त्यांना घरपोच औषध आणि पथ्याचे अन्न मिळावे, अशी तरतूद होती. ही तरतूद कागदावरच राहिली नाही, याला साक्षीदार आहे. ‘निहायत-उल्-अरब’ या विश्वकोशाचा कर्ता अन्-नुवैरी हा काही काळ या रुग्णालयाचा कारभारी होता. त्याच्या कारकिर्दीत घरी उपचार घेणाऱ्यांची संख्या कधी कधी दोनशेच्या वर जात असे, अशी नोंद त्याने केली आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर रुग्णालयाने वस्तीपर्यंत जावयाचे, ही कल्पना काहिरात सातशे वर्षांपूर्वी अमलात होती.

समाजाने रुग्णालयाला दिलेले आणि रुग्णालयाने समाजाला दिलेले, यांचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे हकीम इब्न अन्-नफीस. तो शिकला दमास्कसच्या नूरी रुग्णालयात, म्हणजे वक्फाच्याच छायेत. पुढे तो काहिरात नामांकित वैद्य झाला. हृदयाच्या उजव्या भागातील रक्त फुप्फुसांतून फिरूनच डाव्या भागात येते, हे त्याने इब्न सीनाच्या ‘कानून’मधील शरीररचनेवर लिहिलेल्या भाष्यात मांडले. युरोपात सर्व्हेटसने हाच विचार इ. स. १५५३ मध्ये छापला, म्हणजे तीनशे वर्षांनंतर. पुढे हे भाष्य लोकांच्या स्मरणातून गेले. इ. स. १९२४ मध्ये एका मिसरी डॉक्टराला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा जगाला त्याचे मोल कळले. इ. स. १२८८ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी या हकीमाने आपले घर आणि सारा ग्रंथसंग्रह मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकला. ज्या व्यवस्थेने त्याला शिकविले, तिचे ऋण त्याने असे फेडले.

नाण्याची दुसरी बाजू

परंतु इतिहास लिहिताना केवळ गौरव सांगून भागत नाही. हे रुग्णालय इतक्या झपाट्याने कसे उभे राहिले? कामावर देखरेख करणाऱ्या अमीराने रस्त्याने जाणाऱ्या माणसांना पकडून कामास लावले, दुसऱ्या इमारतींचे खांब आणि दगड उपटून आणले, आणि जुन्या वाड्यातील राहणाऱ्यांना तेथून हलविले, असे मक्रीझी सांगतो. याचा परिणाम असा झाला, की तेथे नमाज पढणेही योग्य नाही, असे काही फकीहांनी बोलून दाखविले. सुलतानाच्या राजधानीत, सुलतानाच्या सत्कार्याविषयी असे बोलणे सोपे नव्हते. पण त्यांचे म्हणणे आजही विचार करण्याजोगे आहे : एकावर जुलूम करून दुसऱ्यावर केलेला उपकार निर्मळ राहत नाही. खैरातीचा पैसा कोठून आला आणि कसा आला, हे विचारण्याचा हक्क समाजाला आहे.

आणखी एक गोष्ट. वक्फ हा कायमचा असतो असे आपण म्हणतो; पण वक्फनामा स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्याला प्रामाणिक कारभारी लागतो. शतकामागून शतके गेली, मालमत्ता मोडकळीस आल्या, कारभार ढिला पडला, उत्पन्नाला गळती लागली. इ. स. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर आलेल्या फ्रेंच विद्वानांनी हे रुग्णालय पाहिले, तेव्हा तेथे पूर्वीच्या वैभवाचा मागमूस उरला नव्हता. मूठभर रुग्ण आणि पडकी दालने एवढेच दिसत होते. इमारत शत्रूने पाडली नव्हती. हिशेब न मागण्याच्या सवयीने ती पोखरली होती.

तरीही बीज मेले नाही. इ. स. १९१५ मध्ये त्याच आवारात नेत्ररुग्णालय बांधण्यात आले. ज्या जागी तेराव्या शतकात डोळ्यांच्या रुग्णांचा विभाग होता, तेथे विसाव्या शतकात पुन्हा डोळे तपासले जाऊ लागले. दमास्कसची नूरी बिमारिस्तानाची इमारतही टिकून राहिली आणि इ. स. १९७८ पासून तेथे वैद्यकशास्त्राचे संग्रहालय आहे.

आपल्या दख्खनमध्ये

हे सारे दूरदेशीचे झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाने (१३५१–१३८८) रुग्णालय स्थापन केल्याचे आपल्या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. आणि आपल्या अगदी शेजारी, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बिदर शहरात, बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा (१४३६–१४५८) याने मोठे रुग्णालय बांधले. औषधे आणि अन्न यांच्या खर्चासाठी त्याने काही गावांचे उत्पन्न लावून दिले आणि रुग्णांच्या सेवेसाठी हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम अशा दोघांचीही नेमणूक केली, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस महंमद कुली कुतुबशाहाने आपल्या नव्या हैदराबाद शहरात ‘दारुश्शिफा’ उभारले. आज त्या मोहल्ल्याचे नावच दारुश्शिफा आहे.

बिदरच्या उदाहरणापाशी थोडे थांबावेसे वाटते. ज्या गावांचा वसूल रुग्णालयाला लावून दिला, त्या गावांत नांगर धरणारे बहुसंख्य शेतकरी हिंदू असणार. त्यांच्या घामाच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयात त्यांच्या परिचयाचा वैद्य असणे हा केवळ उदारपणा नव्हता, तो न्याय होता. ज्या समाजाकडून घ्यावे, त्याच समाजाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या सोयीने परत द्यावे, हे तत्त्व दख्खनच्या मातीत पाचशे वर्षांपूर्वी रुजलेले आहे.

आजचा वक्फनामा

आता पुन्हा मशिदीच्या दाराशी येऊ. आज महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांची पुष्कळ रुग्णालये आहेत. ती निरनिराळ्या धर्मांच्या दात्यांनी काढलेली आहेत. न्यास म्हणून त्यांना काही सवलती मिळतात; त्या सवलती म्हणजे जनतेचाच पैसा. म्हणून कायद्याने त्यांच्यावर काही बंधनेही घातली आहेत. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) कलम ४१ क क आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली, १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. रुग्णांच्या एकूण बिलाच्या रकमेतील २ टक्के पैसा ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवावयाचा असतो. रुग्णाची अवस्था तातडीची असेल तर त्याला आधी दाखल करून घेऊन प्राण वाचविण्याचे उपचार द्यावयाचे असतात.

यासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरलेली असते आणि ती शासन वेळोवेळी बदलते. पुरावा म्हणून शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेचे कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, त्याला भेटावे. तक्रार असल्यास धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. ही खैरात मागणे नव्हे. रुग्णालयाचा जो आजचा वक्फनामा आहे, त्यातील कलम वाचून दाखविणे आहे.

आमच्या त्या रिक्षाचालकाच्या घरात हे वाचणारा एक मुलगा होता. त्याला कोणी शिकविले नव्हते, एवढेच. परीक्षेत गुण मिळविण्यासाठी आपण मुलांना निबंध पाठ करावयास लावतो. पण अर्ज कसा लिहावा, दाखला कोठे मिळतो, फलकावरील बारीक अक्षरे का वाचावीत, हे शिकवीत नाही. यापुढे शाळेच्या नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढे तरी यावे. त्याच्या घरातील एखादे कर्ज त्याने टळेल, आणि कदाचित त्याचे स्वतःचे शिक्षणही वाचेल.

दुसरे असे, की रुग्णालयाला केवळ डॉक्टर लागत नाही. मन्सूरी बिमारिस्तानात वैद्य होते, तसे औषधे कुटणारे होते, स्वयंपाकी होते, परिचारक आणि परिचारिका होत्या, हिशेब लिहिणारे होते. आपल्या मुलीला डॉक्टर होण्याइतके गुण मिळाले नाहीत म्हणून आईबाप खिन्न होतात. परिचर्या, औषधनिर्माण, रक्ततपासणी, क्ष-किरण, हिशेबतपासणी ही सारी दारे उघडी आहेत आणि ती तितकीच मानाची आहेत. विशेषतः हिशेबतपासनीस. काहिराच्या रुग्णालयाला वैद्यांची वाण पडण्याआधी चोख हिशेबाची वाण पडली होती, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट आपल्या सर्व विश्वस्तांसाठी, मग ते मशिदीचे असोत, वक्फाचे असोत, दवाखान्याचे असोत की शाळेचे. वर्षातून एकदा जमाखर्च लोकांपुढे वाचून दाखवावा; आणि लोकांनीही तो ऐकावयास यावे, प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. काहिराच्या त्या फकीहांनी सुलतानाला प्रश्न विचारला, म्हणून आज त्यांची आठवण आपण आदराने काढतो.

कलावूनने औषध घेतले दमास्कसमध्ये आणि त्याची परतफेड केली काहिरात. इब्न अन्-नफीस शिकला एका रुग्णालयात आणि पुस्तके देऊन गेला दुसऱ्याला. जेथून मिळाले तेथेच परत द्यावे लागते असे नाही. पुढच्या माणसाला द्यावे, म्हणजे ते पोहोचते. तो रिक्षाचालकाचा मुलगा आता गॅरेजमध्ये काम करीत रात्रशाळेत बारावीचा अभ्यास करतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “चाचा, मोहल्ल्यात कोणी आजारी पडले तर मला निरोप द्या. कोणते कागद लागतात ते मला आता ठाऊक आहे.”